मनकर्णेची डावी चप्पल

मी मनकर्णेची डावी चप्पल बोलतेय. उजवी इथंच माझ्या शेजारी आहे, पण ती पहिल्यापासून अबोल. त्यामुळं दोघींच्या वाटचं मलाच बोलावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला बोलायला आवडतंही.

"पायातली वहाण पायातच बरी" ही तुमची म्हण मी इतक्या तोंडांतून ऐकली आहे की आता तिचा राग येत नाही. ती तुम्ही आमच्यासाठी वापरत नाही, घरातल्या बाईसाठी वापरता, हेही मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच की बाबांनो, बोलता तसं वागा तरी. वहाण पायात तरी ठेवा. माझं बहुतेक आयुष्य पायावाचून गेलं.

माझा जन्म आदिलाबादचा. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत मारोती नावाचे एक कारागीर बसत. त्यांच्याकडं गिऱ्हाईक तेलुगूत भाव विचारी, ते उर्दूत सांगत आणि घासाघीस मराठीत होई. एक दिवस बाजारहत्नूरकडची एक बाई त्यांच्यापुढं येऊन बसली. चंपाबाई तिचं नाव. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिची बोटं फाटली होती. तिनं पदराच्या गाठीतून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. लेकीला अंगणात उभं करून तिच्या पावलाएवढा मोडून आणला होता.

"हे माप माह्या लेकीचं हाय, दादा. लगन हाय तिचं. मास्तर नवरा भेटला. घट्ट नका करू बरं, तिले चालाची लय सवय हाय."

मारोतींनी तो धांडा कातड्यावर ठेवला, खडूनं रेघ मारली आणि कापायला घेतलं. अशा आम्ही दोघी झालो.

मनकर्णेचा पाय मला अजून आठवतो. रुंद, उबदार, चवडा जरा पसरलेला. दहावीपर्यंत शिकली होती ती, आणि शाळा लांब असल्यानं रोज डोंगराच्या कडेनं चालत जायची. तिला हळू चालणं माहीतच नव्हतं. पहिल्या आठवड्यातच तिच्या घामानं माझ्या अंगावर पाच बोटांचा आणि टाचेचा ठसा उमटला. तुम्हाला तो डाग वाटेल. मला तो दागिना वाटला.

तिचं सासर तामसीच्या पुढं होतं. आरटीसीची, म्हणजे सरकारी बस फाट्यावर सोडी, आणि तिथून गावकुसाबाहेरच्या वस्तीत जायला चावडीसमोरून जाणारी एकच गल्ली. लग्न करून नवरी आली तेव्हा तिची सासू द्वारकाबाई फाट्यावरच उभी होती. सुनेला ओवाळायच्या आधी ती खाली वाकली आणि तिनं आम्हाला हात लावून नीट केलं. एका सासूनं सुनेच्या चपलांना हात लावला, वऱ्हाडी बघतच राहिले.

त्याचं कारण होतं. निजामाच्या काळात या गल्लीतून वस्तीतल्या माणसानं पायात काही घालून जायचं नाही, असा गावाचा दंडक होता. वहाणा असल्याच तर हातात घ्यायच्या. द्वारकाबाई स्वतः नवरी होऊन आली ती तशीच, ऐन उन्हाळ्यात, अनवाणी, चावडीवरच्या माणसांच्या नजरेखालून. पुढं निजाम गेला, तिचा मुलगा भिवाजी शिकून मास्तर झाला. पहिल्या पगारात त्यानं आईसाठी वहाणा आणल्या. त्या घालून ती त्या गल्लीतून उगीचच दोनदा गेली आणि आली, आणि दारात उभी राहून तिनं शपथ घातली, की माझ्या घरातली बाई या गल्लीतून पुन्हा अनवाणी जाणार नाही. वस्तीत ही शपथ सगळ्यांना माहीत होती. धम्माच्या नियमांसारखी ती त्या घरात पाळली जाई.

"हळू नको चालू, बाई," ती मनकर्णेला म्हणाली. "आवाज येऊ दे."

आणि आम्ही आवाज केला. चावडीपुढून फटक फटक वाजत गेलो. तेवढी ऐट पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

आता मास्तरविषयी. सगळा गाव त्याला अहो-जाहो करी. मी अरे-तुरे करते, तुम्हाला खटकलं तरी करीन. इस्त्रीचा पांढरा सदरा, मऊ बोलणं, दारूचा थेंब नाही, विडी नाही. त्यानं मनकर्णेवर कधी हात उगारला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं ज्यानं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला.

पावसाळ्यात वस्तीच्या, फाट्याजवळच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचण्याचा मान मास्तरचा. त्या वर्षी त्याचा घसा बसला आणि त्यानं बायकोला वाचायला सांगितलं. आम्ही बाहेर पायरीवर होतो. आतून तिचा आवाज येत होता, एखादं वाक्य वाचून ती थांबे आणि आपल्या बोलीत समजावून सांगे. उठून जाणाऱ्या बाया परत बसल्या. पायरीवर आमच्या भोवती चपलांची ही गर्दी झाली.

शेजारच्या सोजरबाईला तोंड आवरत नाही. ती बाहेर पडता पडता म्हणाली, "मास्तर, आता तुमी नका वाचू. मनकर्णाच वाचू द्या. तिचं आयकलं तर समजते."

मास्तर हसला. घरी जाताना मात्र तो रोजच्यापेक्षा भरभर, बराच पुढं चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आम्हाला उचललं, फडक्यानं पुसलं आणि पलंगाखालच्या लोखंडी पेटीत ठेवलं. कुलूप लावून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"अहो, माह्या चपला दिसून नाई राह्यल्या," मनकर्णेचा आवाज आला.

"पेटीत ठेवल्या. चिखलात खराब होतात. कुठं जायचं असलं की सांग, काढून देईन."

"संध्याकाळी विहारात जायचं हाय."

"आज नको. काल थकलीस तू."

दुसऱ्या दिवशी ती थकलेली नव्हती, तर पाऊस होता. मग पाहुणे येणार होते. मग तिनं विचारणं सोडून दिलं. विहारात वाचन पुन्हा मास्तर करू लागला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, बाया अनवाणी शेतात जातात. जातात ना. पण ही मास्तरची बायको, आणि द्वारकाबाईच्या घरातली. घरापासून कुठंही जायचं तर ती गल्ली, आणि गल्लीवर सासूची शपथ. हापशी अंगणातच होती. भाजीपाला, मीठमिरची, तिचं लुगडं, बांगड्यासुद्धा मास्तर स्वतः आदिलाबादहून आणी. दाराला कधी कडी लावली नाही. उलट आल्यागेल्याला कौतुकानं सांगे, "आमच्याकडं दार दिवसभर उघडं असतं."

पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि खाली कसलीशी जुनी शाल. अंधार कसा असतो ते चपलेला सांगायची गरज नाही, पण रिकामा अंधार वेगळा. बाहेरून तिची पावलं ऐकू यायची. चुलीपासून हापशीपर्यंत, हापशीपासून चुलीपर्यंत. कधी ती पावलं पलंगाजवळ येऊन थांबत. ती वाकत नसे, पेटीला हात लावत नसे, नुसती उभी राही. आणि माझ्या अंगावरचा तिच्या बोटांचा ठसा गार पडत चालला होता. मला भास व्हायचा, की पाऊल माझ्यावर आहे, वजन आहे, आपण चाललो आहोत. मग कुठंतरी उंदीर खुडबुडे आणि मी पेटीतच असे.

लग्नकार्य, सणसमारंभ असला की कुलूप निघे. मास्तर आम्हाला पुन्हा पुसायचा, तिच्यापुढं वाकून जोडीनं ठेवायचा आणि म्हणायचा, "चल." सोजरबाईनं ते कुंपणावरून पाहिलं आणि वस्तीभर केलं.

"बायकोच्या चपला पुसते तो! असा नवरा भेटाले नशीब लागते, बाई."

एकदा मनकर्णेनं सोजरबाईपाशी मन मोकळं करायचा प्रयत्न केला. मी पेटीतून ऐकत होते. चार वाक्यं बोलून ती अडखळली. सोजरबाईनं विचारलं, "मारते का?" नाही. "पेते का?" नाही. "उपाशी ठेवते?" नाही. "मंग तुले झालं काय?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथं बुक्कीच कुणाला दिसत नव्हती, तर मनकर्णा दाखवणार काय? त्या दिवशी माझा जीव फार तुटला. मला तोंड असतं तर मी पेटीतून ओरडले असते.

द्वारकाबाईला सगळं दिसत होतं. तिनं एकदाच मुलाला विचारलं, "काऊन ठेवतं रे पेटीत?" तो म्हणाला, "आई, तुला चपलेची किंमत माहीत आहे. जपून ठेवतो, एवढंच." मुलगा मास्तर, गावात त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत, याचा तिला इतका अभिमान होता की त्याला दोष देताना तिची जीभ उचलत नसे. आपलेच दात, आपलेच ओठ.

एका वर्षीची चौदा एप्रिलची जयंती मी विसरणार नाही. मास्तर मुख्य वक्ता. मनकर्णा पुढच्या रांगेत, आणि आम्ही तिच्या पायात. तो माइकवर बोलत होता. "माझी आई या गल्लीतून वहाणा हातात धरून आली होती. आज आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत. कोणी कोणाचा मालक नाही. कोणाच्या पायांवर कोणाचा हुकूम चालत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत होती. आणि मनकर्णेची बोटं माझ्यात रुतली होती, इतकी घट्ट की मला वाटलं माझा अंगठा तुटतो. घरी आल्यावर मास्तरनं हात पुढं केला. तिनं आम्हाला काढून त्याच्या हातात दिलं. दिव्याखाली अंधार असतो हे मी ऐकून होते, त्या अंधारात मी राहायला होते.

पुढं चंपाबाईनं अंथरूण धरलं. मनकर्णेचा भाऊ बाबाराव सांगायला आला.

"भाऊजी, मायचं काई खरं नाई. अक्कालेच हाका मारून राह्यली."

"रविवारी मी स्वतः घेऊन येतो," मास्तर म्हणाला. बाबारावला चहा दिला, फाट्यापर्यंत पोचवायला गेला. माणुसकीत कुठं उणं नाही.

रविवारी शाळेचा मुआयना निघाला. रविवारी कुठं तपासणी असते, हे मला चपलेलाही कळत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आदिलाबादला शिक्षकांची बैठक. मधल्या काळात बाबारावचा पुन्हा निरोप आला, की लवकर या. मनकर्णा म्हणाली, "मी एकटी जाते." मास्तर शांतपणे म्हणाला, "जा ना. मी कुठं अडवलं? दार उघडं आहे."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. ऊन तापलं होतं. मला पलंगाजवळ पावलं ऐकू आली, आणि या वेळी ती थांबली नाहीत. ती दाराकडं गेली.

"कुठं चालली?" द्वारकाबाईचा आवाज.

"मायकडं, आत्याबाई."

"अशी? अनवाणी?" म्हातारी धडपडत उठली. तिनं खलातला लोखंडी बत्ता आणला आणि आमच्या पेटीवर पहिला घाव घातला. माझा थरकाप झाला. आणि आनंदही झाला, लपवत नाही.

"नका फोडू, आत्याबाई. राहू द्या."

"पायाले फोड येतीन, पोरी! अन् मी घातलेली शपथ?"

मनकर्णा म्हणाली, "तुमाले अनवाणी चालवणारा चावडीवर बसला होता. मले अनवाणी ठेवणारा घरात हाय. चपला घालून गेली, तर लोक म्हनतीन फिराले गेली, येईन माघारी. मी अशी गेली तर गाव पाहीन. तुमी आडव्या नका येऊ, मी तुमच्या पाया पडते."

पेटीवरचा बत्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग द्वारकाबाईची वहाण निघाल्याचा आवाज, एक, आणि मग दुसरी.

"चाल," ती म्हणाली. "मी येते फाट्यापर्यंत. शपथ माही होती, मीच मोडते."

बाहेरच्या धुळीत अनवाणी पावलांना आवाज नसतो. त्या दोघी कधी अंगणातून बाहेर पडल्या ते मला कळलंच नाही.

बाकीचं मी सोजरबाईच्या तोंडून ऐकलं. ती संध्याकाळपर्यंत कुंपणापाशी येईल त्याला सांगत होती. भर दुपारी चावडीपुढून सासूसून अनवाणी गेल्या. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, "द्वारकाबाई, वाहाना कुठं हायेत?" म्हातारीनं थांबून उत्तर दिलं, "माह्या लेकाले विचारा. तुमच्या बापांनी काढायले लावल्या होत्या, त्यानं पेटीत ठेवल्या." सोजरबाई हे सांगता सांगता रडत होती. "मीच तिले म्हनली होती, नशीबवान हाय म्हणून," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मास्तर संध्याकाळी घरी आला, तशी कुंपणावरची सोजरबाई बोलणं तोडून आत गेली. घरात कुणी नाही. त्यानं हाक मारली नाही, शोधलं नाही. आधी किल्ली काढली आणि पेटी उघडली. आम्ही दोघी जागच्या जागी होतो. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी इतक्या जवळून पाहिलं, की आजही आठवलं तरी कातडं आकसतं. त्यानं झाकण लावलं, तांब्यातून पाणी घेतलं आणि खुर्चीत बसून राहिला. चपला घरात आहेत म्हणजे बायको जाऊन जाऊन जाणार कुठं? शेजारी असेल, येईल. असा बसला होता तो, अंधार पडेपर्यंत.

द्वारकाबाई धुळीनं भरलेल्या पायांनी आत आली आणि उंबऱ्यावर टेकली.

"मनकर्णा कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"गेली बसनं."

"कशी जाईल? तिच्या चपला तर इथंच आहेत."

"हो, बापा," म्हातारी म्हणाली. "चपला इथंच हायेत."

मनकर्णा वेळेवर पोचली. चंपाबाई गेली तेव्हा लेक उशाशी होती. पण दिवसकार्य झालं तरी ती परतली नाही. मग मास्तर निघाला. आम्हाला पुसलं, कापडी पिशवीत घातलं आणि बाजारहत्नूरच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसला. किती वर्षांनी मला रस्त्याचा धक्का बसला! मी तिच्याकडं चालले होते. मला वाटत होतं, तिचा पाय लागला की सगळं पूर्वीसारखं होईल.

बाबारावच्या अंगणात चारचौघं जमली होती. मास्तरनं आम्हाला तिच्यापुढं जोडीनं ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "चल."

सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं खाली पाहिलं. तिच्या आईनं धांड्यानं माप दिलेल्या चपला. मला वाटतं तेवढ्यासाठीच तिनं डावा पाय उचलला आणि माझ्यात घातला.

मी तिला चावले. पेटीत राहून माझं कातडं वाळून लाकूड झालं होतं, आणि तिचा पाय इतकी वर्षं मोकळ्या जमिनीवर राहून आणखी पसरला होता. मी ओळखीचा ठसा शोधत होते आणि माझी कड तिच्या फोडांत घुसत होती. तिनं पाय काढून घेतला. रागानं नाही, हळूच, जसा परक्याच्या चपलेतून काढतात.

"न्या तुमी," ती म्हणाली. "मी नाई येत."

ती आता तिथल्या वस्तीत बालवाडी चालवते, आणि पावसाळ्यात विहारात वाचते. हे मला सोजरबाईनं सांगितलं, म्हणजे मला नाही, द्वारकाबाईला. म्हातारी पुढं वारली. शेवटपर्यंत तिनं पायात काही घातलं नाही.

मास्तरनं आम्हाला पेटीत परत ठेवलं नाही. घराच्या पायरीवर ठेवलं. तेव्हापासून रोज पहाटे तो उठतो, आम्हाला पुसतो, आणि आमची जागा थोडी बदलतो. सकाळी तोंड आत, जणू ती आताच बाहेरून आली. संध्याकाळी तोंड बाहेर, जणू आता निघेल. कुणी विचारलं तर म्हणतो, "आत आहे, बरं नाही तिला." वस्तीतली जुनी माणसं मान खाली घालून जातात. पण नवं कुणी आलं, एखादा फिरता विक्रेता, जनगणनेवाला, तो आम्हाला पाहून आत हाक मारतो, "वहिनी, जरा पाणी द्या." आतून उत्तर येत नाही. तो पुन्हा हाक मारतो. मग मास्तर स्वतः तांब्या घेऊन येतो, आणि येताना मागं वळून आत म्हणतो, "राहू दे, मी देतो." हे ऐकलं की मला, एका चपलेला, भीती वाटते.

मला मनकर्णेची वाट पाहायची नाही. तिनं येऊही नये. माझं मागणं तुमच्याकडं आहे. कुणाच्या घरी गेलात आणि दारात बाईच्या चपला दिसल्या, तर त्या कुठल्या बाजारातून घेतल्या ते विचारू नका. उलट्या करून पाहा. टाच झिजलेली असेल, चिखल असेल, एखादा काटा रुतलेला असेल, तर खुशाल आत जा, चहा घ्या. पण त्या स्वच्छ पुसलेल्या असतील, तर पाणी मागू नका. त्या बाईला नावानं हाक मारा, आणि ती स्वतः दारात येईपर्यंत तिथून हलू नका.

मला उलटं करून पाहा, कुणाला खोटं वाटत असेल तर. मी या घरात आल्यापासून केस पिकले माणसांचे. माझा तळ अजून नवा आहे.